एका रिंगमध्ये मावेल एवढं

फोन एकदाच वाजून बंद झाला की आजही माझ्या हातातलं काम तसंच राहतं. मी लगेच उलट फोन लावते. पलीकडे गॅसवाला असो की चुकून नंबर लागलेला एखादा अनोळखी माणूस, मी आधी 'काय झालं?' असंच विचारते. लोक मला वेडी समजतात. समजू देत.

तेव्हा मी अमरावतीजवळच्या वलगावात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. नवरा अकोल्याला नोकरीला आणि माझी शाळा वलगावच्या पुढे काही किलोमीटरवर, एका खेड्यात. जिल्हा परिषदेची. तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. मुलांचे आईबाप उजाडताच वावरात जायचे, ते दिवस कलल्यावर परत. घरी पुस्तक उघडून बसवणारं कुणी नव्हतं. मुलं वाचायची ती शाळेत, तीही माझ्या धाकानं. माझा आवाज तसा मोठाच आहे.

त्या सुमारास घरोघरी बटनांचे साधे फोन आले. मुलं माझा नंबर पाढ्यासारखा घडाघडा म्हणायला लागली, तेव्हा मला युक्ती सुचली. संध्याकाळी बाप घरी आला की त्याचा फोन मागून घ्यायचा. एक धडा मोठ्यानं वाचायचा. वाचून झाला की मला मिस कॉल द्यायचा. एक रिंग गेली की कापायचा. मी उचलणार नाही, आणि माझा आला तर तुम्हीही उचलायचा नाही, कुणाचा बॅलन्स जाता कामा नये. मी वहीत नावापुढे खूण करणार. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमी तं मिस कॉलची शाळाच काढली." मला राग आला, पण युक्ती लागू पडली. रोज संध्याकाळी माझा फोन नुसता किणकिणत राहायचा. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ऐटीत म्हणायचे, "शाब्बास, काल ऐकलं हं मी तुझं." ज्याचा आला नसेल त्याला, "तुझं काही ऐकू आलं नाही बुवा." मुलं हसायची, मीही हसायचे.

पहिल्या रांगेत एक मुलगी बसायची. तिचा मिस कॉल एक दिवसही चुकला नव्हता. वर्गात मात्र तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे मलाच घाम फुटायचा. तिचा बाप पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणी करायचा. आई बाळंतपणासाठी माहेरी, अकोल्याकडे गेली होती. घरात ही दोघंच. त्या वर्षी कपाशीवरची अळी काही केल्या हटत नव्हती, म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारत होते. कपाशी माणसाच्या उंचीची झालेली, आणि फवारणारे तोंडाला फडकंही न बांधता आत शिरायचे. गावात पाय ठेवला की तो उग्र वास नाकात बसायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

एक दिवस पाच वाजताच तिचा मिस कॉल आला. मी तांदूळ निवडत होते. आज लवकर वाचलं वाटतं, असं म्हणत मी वहीत खूण केली. तेवढ्यात पुन्हा आला. एक रिंग, बंद. मग तिसरा, मग चौथा. मला चीड आली. ही पोरगी फोनशी खेळतेय, उद्या बघते हिच्याकडे, असं म्हणून मी फोन उशीखाली सारला. तो तिथेही वाजत राहिला. आठ वेळा तरी वाजला असेल. मग थांबला.

थांबला तेव्हा मी घाबरले. चाळा करणारं पोर दर वेळी बरोबर एका रिंगवर कापत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी फोन लावला. पलीकडे रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. उचलायचा नाही हे मीच शिकवलं होतं. मग तिच्या घराजवळच्या कुणाचा नंबर आहे का, ते मी वहीत शोधायला लागले.

तिच्या घरासमोर किराण्याचं दुकान होतं. दुकानदाराला सगळं गाव चाचा म्हणायचं. त्यांची नात माझ्याच वर्गात, म्हणून नंबर होता. चाचा म्हणाले, "थांबा मॅडम, पायतो," आणि फोन तसाच गल्ल्यावर ठेवून गेले. मला तराजूची पारडी वाजल्याचं ऐकू आलं, कुणीतरी साबण मागत होतं. मग एकदम धावपळ, ओरडा. चाचा परत आले ते धापा टाकत.

"तो आंगनात पडेल हाये. पोरगी फोन घेऊन उशाशी बसेल हाये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "औषध घेतलं का त्यानं, मॅडम?"

त्या वर्षांत आमच्याकडे फवारणीचं औषध पिऊन जीव देणारे फार, म्हणून कुणीही पडला की पहिला प्रश्न हाच असायचा. मला माहीत नाही, असं काहीतरी मी बोलले. चाचांनी मात्र वेळ दवडला नाही. त्याचे औषधानं भिजलेले कपडे काढले, साबण लावून अंग धुतलं आणि भाजी नेणाऱ्या ऑटोत त्याला घातलं. अमरावतीचा रस्ता वलगावातूनच जातो. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. प्रत्येक ऑटो तोच वाटायचा. तो उशिरा पोहोचला तर, हा एकच विचार मनात होता आणि तो काही केल्या जात नव्हता.

ऑटो आला तशी मी मागे चढले. बापाच्या तोंडाला फेस होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, श्वास घरघरत होता. मुलगी त्याचा पाय धरून बसली होती. माझी भीती रागाच्या वाटेनं बाहेर आली. मी तिच्यावर खेकसले, "अगं, फोन लावायचा आणि बोलायचं ना. नुसते मिस कॉल काय देत होतीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बोलली ना मॅडम. मी तुमाले सगळं सांगतलं."

"कधी?"

"पयल्या रिंगले सांगतलं, बाबा पडले. मंग कापला. मंग सांगतलं, तोंडाले फेस येऊन राहिला. मंग सांगतलं, आई घरी नाई. एका रिंगमंधी तेवढंच होते."

"फोन ठेवून शेजारी का नाही पळालीस?"

"तुमी आयकलं होतं. तुमी याल म्हनून बसली."

तिला फोनवर बोलायला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. फोन वाजत असतो तेव्हाच पलीकडच्याला ऐकू जातं, असं तिला वाटायचं, आणि ते खरं असल्याची ग्वाही मीच रोज वर्गात देत होते. दवाखान्यापर्यंत मी तिचा हात सोडला नाही. तिला धीर देत होते असं नाही, मलाच कशाला तरी धरायचं होतं.

दवाखान्यात खाटा भरलेल्या, खाली गाद्यांवरही फवारणीवालेच होते. डॉक्टरांनीही विचारलं, "प्यायला का?" मुलगी म्हणाली, "नाई. फवारून आले. हात धुवाले बसले अन् पडले." इंजेक्शनं सुरू झाली. तीन दिवस तो वाचेल असं कुणी म्हणेना, जाईल असंही म्हणेना. चौथ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. मी व्हरांड्यात जाऊन रडले.

मुलगी शाळेत आली त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि वर्गाला फोनवर बोलायला शिकवलं. एकानं व्हरांड्यात उभं राहायचं, एकानं वर्गात. पलीकडून 'हॅलो' आलं की मगच बोलायचं, त्याआधीचं कुणालाही ऐकू जात नाही, असं मी तीनदा सांगितलं. आणि मी यापुढे प्रत्येक फोन उचलणार, हेही सांगितलं.

ती आपली आपण उभी राहिली. मग म्हणाली, "मंग मी रोज रिंगवर धड्याची एक ओळ वाचत होती, ते कोनं आयकलं?"

दोघं-तिघं हसली. मी त्यांना दटावलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होती.

"कुणीच नाही," मी म्हणाले. पुन्हा खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.