काचेवरचा लाल टिपका

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. उद्या अकराला एक मॅडम गॅरेजमध्ये येणारेत, आणि त्याआधी कुणाला तरी सांगून टाकलं नाही तर मी पुन्हा गप्प बसेन. मागच्या वेळेसारखी.

"आधी भ्यायचं, मंग हात लावाचा." काका असं म्हणायचे. कोणतंही मीटर टेबलावर आलं की ते लगेच उघडायचे नाहीत. दोन्ही हात काखेत घालून नुसते बघत बसायचे.

"काय झालं काका?"

"भीती येऊ दे, बाय. आली की उघडतो."

मी शिरवण्याला जुन्या गाड्या नीट करणाऱ्या गॅरेजमध्ये आहे. फोन घेणं, फोटो काढणं, कस्टमर काय म्हणतो ते कारागिराला सांगणं, हे माझं काम. काका शिरवणे गावातलेच. डॅशबोर्डवरची मीटरं त्यांच्याकडे.

आणि खरंच भित्रे होते हो! लिफ्टमध्ये एकटे चढायचे नाहीत. वाशीच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी उभे, मागच्या लोकांना आपलं "तुमी जा, तुमी जा". सर्वात जास्त घाबरायचे सुनेला. गाडीचं टेंपरेचर मीटर तपासायचं तर उकळतं पाणी लागतं, म्हणून ते तिचं चहाचं पातेलं गुपचूप आणायचे आणि तीनदा घासून परत ठेवायचे. "चहाला वास आला ना, त मना घराबाहेर काढंल ती." पण चिमट्यात काटा धरला की हात असा स्थिर, की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा.

मागच्या दिवाळीनंतर ती पिवळी अमेरिकन गाडी आली. लांबलचक बोनेट, स्टिअरिंग डावीकडे, चालू केली की शेजारच्या गाळ्याचा पत्रा थरथरायचा. वाशीच्या मॅडमची, म्हणजे त्यांच्या वारलेल्या बाबांची. टॅको बंद पडला होता. इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवतं ना, ते आरपीएम मीटर.

जाताना मॅडम मला म्हणाल्या, "काचेवर लाल टिपका आहे, तो तसाच राहू दे हां. आईच्या नेलपॉलिशने बाबांनी लावलाय. काटा तिथवर आला की बास, असं आमचं ठरलेलं."

मी म्हटलं, "हो हो, सांगते." तेवढ्यात फोन वाजला. आणि मी विसरले. बस, इतकंच झालं.

चार दिवसांनी काकांनी मीटर आणून दाखवलं. काच अशी चकचकीत, की आहे की नाही कळेना.

"काका... टिपका?"

"कसला? रंगाचा थेंब उडला व्हता जरा, तो थिनरने काढला."

मी तिथेच रडायला लागले. माझ्या मोबाइलमध्ये आधीचा फोटो होता, अगदी समोरून काढलेला. टिपका बरोब्बर पाच हजारांवर. "काका, लावा ना तसाच. कोणाला कळणारे?"

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. मग घरी गेले आणि सुनेकडून, अहो सुनेकडून, नेलपॉलिश मागून आणलं. हुबेहूब टिपका लावला. लावून झाल्यावर दोन्ही हात काखेत घालून बघत बसले. काम झाल्यावर मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

मॅडम गाडी न्यायला आल्या. स्टिअरिंगमागे बसल्या आणि मीटरकडे बघतच राहिल्या.

"हा इथे नव्हता. साडेचार हजारांवर होता. मला पक्कं आठवतंय."

काका खिडकीशी वाकले. "ताई, लहानपनी तुमी कुठं बसायच्या?"

"बाजूला. बाबांच्या बाजूला."

"मंग तिथं जाऊन बसा."

मॅडम पलीकडे जाऊन बसल्या. टिपका काचेवर, आकडे बोटभर आत. बाजूने बघितलं की तो साडेचारवर दिसतो! मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "मी ओरडायचे, बाबा, बास! आणि बाबा म्हणायचे, अजून आहे गं. मला वाटायचं मुद्दाम पळवतात..." हसता हसता रडत होत्या. टिपक्याला हात लावायला पुढे झाल्या.

आम्ही सुटलो होतो, कळतंय का तुम्हाला? पूर्ण सुटलो होतो!

आणि काका म्हणाले, "ताई, हा तुमच्या बाबांचा नाय. त्यांचा माझ्या हातून पुसला. हा मी लावलाय."

मॅडमचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी काकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू यांना सांगितलं नव्हतंस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगितलं होतं."

काकांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हां. सांगितलं असंल."

जुन्या गाड्यांवाली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात. सांगूनसुद्धा पुसतो आणि वर खोटं लावतो, असं काकांचं नाव झालं. मीटरं यायची कमी झाली, मग बंदच झाली. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी चिमटे रुमालात गुंडाळताना एवढंच विचारलं, "जेवलीस का, बाय?" आता उलव्याला मुलीकडे असतात. त्यांच्या टेबलावर आम्ही कुरिअरची खोकी ठेवतो.

आज मॅडमचा फोन आला. गाडीतलं घड्याळ बंद पडलंय. "उद्या अकराला आणते. पण ते काका नकोत हां. दुसरं कोणीतरी बघ."

मी म्हटलं, "हो मॅडम." परत! तेव्हासुद्धा सांगता आलं नाही मला! उद्या सांगणारे. नोकरी गेली तर गेली, असं म्हणतेय खरी, पण हेसुद्धा दोनदा टाइप करून खोडलंय.

तुमच्या तोंडून कधी निघून गेलंय का असं "सांगितलं होतं"? दुसऱ्याच्या नावावर बसेल असं? मग तुम्ही काय केलंत, पहिलं वाक्य काय बोललात? प्लीज, अकराच्या आत सांगा.