वहिनींनी उसवलेली गाडी

"आधी उसवून तर बघू!"

असं म्हणून वहिनी ओढणी कमरेला खोचायच्या आणि तोंडात टाचण्या धरल्यासारखे ओठ मिटून समोरच्या वस्तूकडे बघत राहायच्या. वस्तू कुठलीही असो. बिघडलेला मिक्सर, समोरच्या जर्मन आजीबाईंचा रेडिओ, आमच्या मंडळाचा ध्वनिक्षेपक. साताऱ्याला मुलींच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवत. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी शिवलेली आहे आणि शिवलेलं सगळं उसवता येतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. उसवलेलं पुन्हा जोडता येईल का, हा प्रश्न त्यांना सहसा नंतर पडे.

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या तळमजल्यावर, मी तिसऱ्या. व्हॉट्सअॅपचे ग्रुप तेव्हा नवे नवे होते आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर सर्वांत जास्त याद्या माझ्या असत. गणपतीची यादी, सहलीची यादी, कुणी किती पोळ्या आणायच्या त्याची यादी. मी सेक्रेटरी होते आणि मला ते काम आवडायचं. वहिनींना माझ्या याद्यांचं हसू यायचं. दार उघडताना त्या ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "या सेक्रेटरीबाई, आज कुणाला कामाला लावायचंय?"

त्यांचे यजमान तिथल्या मोटारींच्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. नऊ वर्षं ते एकाच विषयावर काम करत होते, गाडीच्या मागच्या दाराची बिजागरी. तीही कॉम्प्युटरवर. त्यांना इंजिनाबद्दल काही विचारलं की ते नम्रपणे म्हणत, "ते आमच्या डिपार्टमेंटकडे नाही."

आता गाडीची गोष्ट. आमच्या इमारतीतले एक म्हातारे गृहस्थ वृद्धाश्रमात राहायला गेले आणि त्यांची गाडी गॅरेजमध्ये तशीच राहिली. लांबलचक, शेवाळी रंगाची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली, म्हणजे इथल्या भाषेत कोम्बी. वय तीसच्या आसपास. मागच्या सीटखाली खरोखरच शेवाळ होतं. म्हाताऱ्यांच्या मुलीने भंगारवाल्याला बोलावलं होतं. वहिनी कचरा टाकायला खाली गेल्या होत्या. परत आल्या त्या गाडीची किल्ली घेऊन.

"अहो, ही भंगार आहे," यजमान म्हणाले.

"मग उसवायला बरी. बिघडायची भीती नाही."

मला वाटलं, चार दिवसांची हौस आहे. तुम्हालाही तेच वाटलं असतं. पण एका शनिवारी मी गॅरेजमध्ये डोकावले, तर वहिनी जमिनीवर मांडी घालून चाकाचे बोल्ट रॉकेलने पुसत होत्या. मी विचारलं, "वहिनी, खरंच कशाला हा व्याप?"

त्यांनी मान वर केली नाही. "साताऱ्यात माझी स्कूटर होती. शाळा, बाजार, माहेर, सगळं माझं मी जायचे. इथे आल्यापासून मला नेतात आणि आणतात. नऊ वर्षं. हे कामावरून आले की आपण जाऊ, यांना सुट्टी असली की आपण जाऊ." बोल्ट फडक्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "ही चालू झाली की पहिली फेरी मी मारणार. हे बाजूला बसतील."

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे गाडी. दुसरी म्हणजे मोटारीचं लायसन्स त्यांच्याकडे नव्हतंच, जर्मनही नाही आणि भारतीयही नाही. शिवाय वेळ मोजका होता. यजमानांची बदली पुण्याला ठरली होती आणि पुढच्या वर्षीचे गणपती झाले की त्यांना निघायचं होतं.

मी तत्परतेने लेबलं छापून नेली. प्रत्येक सुट्या भागाला एक लेबल, एक पिशवी, एक क्रमांक. वहिनींनी ती कौतुकाने पाहिली आणि बाजूला ठेवली. "ब्लाउज उसवला की बाही कुठली आणि पाठ कुठली, हे कापडच सांगतं. लेबलं कशाला?"

मग गाडीचे भाग घरभर पसरले. स्क्रू मिसळणाच्या डब्यात गेले, मोहरीच्या वाटीत बारीक, हळदीच्या वाटीत जाड. कार्ब्युरेटर चकल्यांच्या डब्यात. क्रोमचा बंपर बाथटबमध्ये चिंचेच्या कोळात दोन दिवस भिजला आणि तांब्याच्या घंगाळासारखा लखलखीत निघाला. त्या दोन दिवसांत यजमान आंघोळीला आमच्याकडे आले. टॉवेल खांद्यावर टाकून, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना "गूटन मॉर्गन" म्हणत.

मागचं दार वर उचललं की ते धाडकन खाली यायचं. हे काम तर थेट यजमानांच्या खात्यातलं. ते खूश झाले. "याला हात लावू नकोस, मी बघतो," म्हणाले. त्यांनी मापं घेतली, कॉम्प्युटरवर आकृती काढली, रंगीत आलेख दाखवले. महिनाभराने वहिनींनी दाराला झाडूचा दांडा लावला. आलेख त्यांनी फ्रिजवर चिकटवला, कारण रंग छान होते.

जोडणी झाली तेव्हा मूठभर बोल्ट शिल्लक राहिले.

"वहिनी, हे काय?"

"उरलेत. शिवणात थोडं कापड उरतंच."

मी तिथल्या तिथे त्यांना सगळं पुन्हा उघडायला लावलं. बोल्ट स्टिअरिंगखालचे निघाले. "गेनाऊ!" वहिनी म्हणाल्या. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द त्या स्वतःची चूक सापडली की हमखास वापरायच्या, जणू समोरच्याचीच परीक्षा चालू होती.

वायरिंगच्या बाबतीत त्यांनी धाग्यांचा नियम लावला. ज्या रंगाला जो रंग शोभतो, तो त्याला. जर्मन गाडीत तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग, हे आम्हाला एका रविवारी दुपारी कळलं.

रविवार म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकत नाहीत, काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकत नाहीत, आणि बाल्कनीत कुणी मोठ्याने शिंकलं तरी वर पाहतात. वहिनीही रविवारी फक्त बिनआवाजाची कामं करायच्या. त्या दिवशी त्यांनी अगदी हळूच बॅटरी जोडली. आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेना. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या गाडीला एकदम खूप बोलायचं होतं.

मी जिन्यावरून धावत खाली आले. बॅटरीची पकड त्यांनी इतकी घट्ट आवळली होती की ती सुटेना. वहिनी घरात धावल्या आणि गोधडी घेऊन आल्या. आम्ही दोघी बॉनेटवर गोधडी टाकून तिच्यावर आडव्या पडलो. हॉर्न खाली गोधडीतून हंबरत होता. इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. समोरच्या आजीबाई गाऊनमध्येच बाहेर आल्या, घड्याळ दाखवू लागल्या. वहिनी पडल्या पडल्या त्यांना जर्मनमध्ये 'हो, हो' म्हणाल्या, "या, या, गेनाऊ!" बाई आणखीच भडकल्या. शेवटी यजमानांनी पकड कापली. आपल्या डिपार्टमेंटबाहेर त्यांनी केलेलं ते पहिलं काम.

संध्याकाळी मी दारोदार चकल्या आणि माफी पोचवली. त्या चकल्यांना किंचित पेट्रोलचा वास होता. कुणी तक्रार केली नाही.

सीटची कव्हरं मात्र काय शिवली होती वहिनींनी! सोलापुरी चादरी आणल्या, वर्तमानपत्रावर बेतल्या, कडेने गोट घातला. "ब्लाउजच की हा. बाह्या नाहीत एवढंच." गाडी तपासणीला न्यायची वेळ आली तेव्हा यजमान हौसेने पुढे सरसावले, "मी चालवत नेतो." वहिनी गाडीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पहिली फेरी त्यांची होती. म्हणून गाडी एका ओळखीच्यांच्या ट्रेलरवर चढवून नेली. यजमान, मी आणि वहिनी मागून माझ्या गाडीतून. चालती गाडी मिरवणुकीतल्या नवरदेवासारखी वर बसून चाललेली पाहून लोक हसत होते.

तपासणीचा माणूस ब्रेक बघायला गाडी दहा-वीस पावलं चालवून पुढे घेऊन गेला, तेव्हा वहिनींनी डोळे मिटून घेतले. "तो तपासणीचा. तो धरायचा नाही," असं आम्हाला बजावलं. मग तो मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्टच्या पट्ट्याचं कुलूप शोधू लागला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. वहिनींनी मागच्या अख्ख्या सीटला इतकं घट्ट आणि सुबक कव्हर घातलं होतं की पट्ट्यांची कुलपं आतच शिवली गेली होती. त्याने कागदावर काहीतरी लिहायला पेन काढलं. वहिनींनी पर्समधून टाके उसवायची सुई आणि सुईदोरा काढला, आत शिरल्या, आणि तो नको नको म्हणेपर्यंत तिथेच चिरा पाडून, कडा दुमडून, टाके घालून बाहेर आल्या. त्याने कुलूप लावून पाहिलं. खट्. पेन खिशात गेलं. गाडी पास झाली.

गाडी झाली, वहिनी राहिल्या. लेखी परीक्षा त्यांनी पहिल्या फटक्यात पास केली, पण रस्त्यावरच्या परीक्षेत नापास. फुटपाथवर दोन बायका नुसत्या गप्पा मारत उभ्या होत्या. वहिनींनी त्यांच्यासाठी गाडी थांबवली, काच खाली केली आणि हाताने "या, या" केलं. बायकांना पलीकडे जायचंच नव्हतं.

दुसऱ्यांदाही नापास. उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं, हा इथला नियम. वहिनी उजवीकडून आल्या होत्या. बाकीचे सगळे त्यांच्यासाठी थांबले होते. वहिनी त्यांच्यासाठी थांबल्या. चौक पाहुण्यांच्या पंगतीसारखा झाला, आधी तुम्ही, आधी तुम्ही. मागे बसलेल्या परीक्षकाने शेवटी विचारलं, आपण का थांबलो आहोत? "घाईत दिसतात बिचारे," वहिनी म्हणाल्या.

गणपती जवळ आले. सामानाची बांधाबांध सुरू झाली. तयार गाडी गॅरेजमध्ये उभी, आणि तिला हात लावायची सोय नाही. यजमान एकदा म्हणाले, "अगं, एक फेरी मी मारून आणतो, निदान इंजिन तरी फिरेल." वहिनींनी किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. मंगळसूत्राशेजारी.

मलाही चिंता होतीच. मंडळाचं सामान त्या कोम्बीतून न्यायचं, असं मी वर्षभरापूर्वीच यादीत लिहून टाकलं होतं. मी विचारलं, "तिसऱ्यांदा नाही झालं तर?"

"तर नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. त्या चहा ओतत होत्या, आणि कप भरला तरी ओतत राहिल्या.

तिसऱ्या परीक्षेहून त्या बसने परत आल्या. मी खिडकीतून बघत होते. खाली उभ्या राहून त्यांनी मला लायसन्सचं कार्ड दाखवलं आणि ओरडल्या, "वर्गातल्या मुली समजले रस्त्यावरच्या सगळ्यांना! नियम म्हणजे नियम, लाड नाहीत!" गुरुवार होता, म्हणून ओरडायला हरकत नव्हती.

शनिवारी सकाळी दहाला सामान न्यायचं होतं. फुटपाथवर मी, यजमान, मखराचे खांब, समया, सतरंज्या, मोदकांचे साचे, सगळं यादीप्रमाणे ओळीने. यजमानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिल्या फेरीत ते बाजूला बसणार होते ना. गॅरेजकडून आवाज आला. मग कोपऱ्यावरून ती शेवाळी गाडी वळली, चिंचेने घासलेला बंपर उन्हात चमकवत. वहिनी सीटच्या अगदी टोकाला बसल्या होत्या, नाक जवळजवळ काचेला. आम्ही हात केले. त्यांनीही हात केला.

आणि त्या गेल्या. थांबल्याच नाहीत.

"वळून येईल," यजमान म्हणाले.

आम्ही सतरंज्यांवर बसून राहिलो. फोन लावला तर तो त्यांच्या स्वयंपाकघरात वाजला. दुपार झाली. साडेतीनच्या सुमारास गाडी परत आली, चिखलाने माखलेली, आणि मागची जागा तशीच रिकामी. यजमान उठून उभे राहिले. रागावले आहेत की काय, असं मला वाटलं.

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही."

"अगं म्हणजे?"

"म्हणजे गेले आणि आले." त्यांनी केस कानामागे सारले. "चला सेक्रेटरीबाई, काय काय भरायचंय?"

यजमानांनी बाजूचं दार उघडलं, आत बसले आणि पट्टा लावून घेतला.

पुढच्या महिन्यात ते पुण्याला गेले. गाडी मंडळाकडे राहिली, म्हणजे माझ्याकडे. चालवणाऱ्याची सीट वहिनींनी आपल्या मापाने पुढे ओढून इतकी पक्की केली आहे की ती मागे सरकत नाही. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. उसवून बघावी, असं मनात येतं, पण मी हात लावलेला नाही.

पुण्यात कंपनीने यजमानांना गाडी आणि ड्रायव्हर दिला, असं कळलं. मला जरा वाईटच वाटलं. म्हणून एका सकाळी वहिनींच्या मोबाइलवर फोन केला. पुरुषाचा अनोळखी आवाज आला, दबलेला, घाबरलेला.

"हॅलो, कोण?" मी विचारलं.

"मी ड्रायव्हर बोलतोय ताई. नंतर करा ना फोन. मॅडम गाडी चालवतायत."