पिलावरची पाइक

लीड्सच्या हॉस्पिटलात रक्त तपासणाऱ्या पुरुषोत्तम दिघोरेला लॅबमधले लोक पर्सी म्हणत. अख्खं नाव त्यांच्या जिभेला पेलत नसे. त्याला त्याचं काही वाटलं नाही. साकोलीच्या पुढं तलावाकाठच्या त्याच्या खेड्यातही त्याला कुणी अख्ख्या नावानं हाक मारली नव्हती. तिथं तो पुर्सू होता. पुर्सूचा पर्सी झाला, एवढंच.

बाप ढिवर. तलावातल्या मासोळीवर जगणारा माणूस. पुर्सू बीएस्सी झाला, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात लॅबला लागला, तिथं डॉक्टर झालेल्या प्रमोदिनीशी लग्न झालं आणि एक्याऐंशी साली तिच्या नोकरीमागोमाग तोही इंग्लंडात आला. बाप अठ्ठ्याऐंशीत गेला. पत्र मिळालं तोवर तिकडं तेरावं होत आलं होतं. बापाचं असं हातात धरता येण्याजोगं त्याच्याकडं काहीच उरलं नाही. उरलं ते बोलणं.

"मरळ पिलावर असली का तिले हात लावाचा नाई, पुर्सू," बाप डोंग्यातून बोट करून दाखवायचा. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका उकळी फुटल्यासारखा खळखळत असायचा आणि त्याच्या बरोबर खाली मरळीची काळी सावली. "ते तिथून हालणार नाई. धराले सोपी. म्हनूनच धराची नाई."

लीड्सहून तास-सव्वा तासावर डोंगरात एक तळं होतं. तिकडं अशा तळ्याला टार्न म्हणतात. तिथल्या अँगलिंग क्लबाचा पुरुषोत्तम मेंबर होता. क्लबाचा नियम एकच कडक : धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. पहिल्या वर्षी त्यानं हे प्रमोदिनीला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"म्हणजे थंडीत कुडकुडत दिवसभर बसायचं, मासा धरायचा आणि त्याला बाय म्हणून घरी यायचं?"

"हो."

"आणि रश्श्याला?"

"तो मार्केटमधून आणायचा."

"अहो, रिटायर झालात ना, की तिथंच तंबू ठोका. मी कौन्सिलला ॲड्रेस चेंज कळवते."

त्या क्लबात त्याला नॉर्मन भेटला. बस डेपोतला रिटायर्ड फिटर, बायको गेलेली, हाताची बोटं जाडजूड. त्याची यॉर्कशायरी बोली शहरातल्या शिकलेल्या गोऱ्यांनाही धड कळत नसे. शब्द गिळायचा, व्याकरण वाटेत टाकून द्यायचा. पण पुरुषोत्तमच्या कानात ती शिरताना झाडीपट्टीची होऊनच शिरायची. लॅबमधलं इंग्रजी त्याला इंग्रजी वाटे. नॉर्मनचं मात्र गावचं वाटे. म्हणून इथंही ते तसंच लिहिलं आहे.

टार्नमध्ये पाइक होती. लांबट, हिरव्या अंगावर फिकट ठिपके, बदकासारखं चपटं तोंड आणि त्यात दातांचे दाभण. पाण्यात ओंडक्यासारखी निश्चल पडून राहायची आणि मासा टप्प्यात आला की झेप. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पुरुषोत्तमला हसूच आलं. ही तर आपली मरळच, गोरी होऊन आलेली.

क्लबाच्या लाकडी खोपीत भिंतीवर फोटो लावलेले होते. वीस पौंडांच्या वरची पाइक धरली तरच फोटो लागायचा. सगळे मिळून चार. नॉर्मन तीस वर्षं गळ टाकत होता आणि त्याची मोठ्यातली मोठी सतरा पौंडांवर अडली होती. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांच्या ऐन मध्यावर काळा डाग आला. डॉक्टरांनी सांगितलं, वाढतच जाणार, इलाज नाही. त्यानं गाडी विकली. शनिवारी पुरुषोत्तमच त्याला घरून घेऊन जाऊ लागला.

"पान्यावर तरंगता फ्लोट दिसत नाई मले आता," ऑक्टोबरात पाइकचा सीझन उघडला त्या दिवशी तो गाडीत म्हणाला. "कडेकडेचं दिसते, मधातलं नाई. ख्रिसमसपावेतो तेही जाईल म्हन्ते. हा शेवटचा सीझन समज, पर्सी. वीसची लागली त लागली."

पुरुषोत्तमनं नजर रस्त्यावरच ठेवली,  कारण वीसची कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं.

गेली दोन वर्षं ठाऊक होतं. टार्नच्या उत्तर काठाला एक बुडीत बोटहाउस होतं. नुसते खांब पाण्याबाहेर उरलेले. ऑक्टोबरात त्या खांबांच्या आडोशाला बोटाएवढ्या माश्यांचा पुंजका पाण्यावर खळखळायचा आणि खाली ती असायची. दाराच्या फळीएवढी सावली. दोन वर्षं तो तिला नुसतं बघत आला होता. तिची सगळी रीत त्याला पाठ झाली होती. दुपारपर्यंत पुंजका खांबांतच राहतो. पावणेतीनच्या सुमाराला ऊन डोंगराआड गेलं की तो सैल पडतो आणि खोल पाण्याकडं सरकतो. त्याआधी ती डावीकडं जाते, जिथं ओढा येऊन मिळतो आणि तळ एकदम खाली उतरतो. तिथं उतारावर जाऊन पडते. थंडी वाढली, पाण्यातलं गवत कुजलं, तरी जागा तीच.

हे सगळं पाहून झालं की तो बोटहाउसकडं पाठ करून बसायचा आणि दुसरीकडं गळ टाकायचा. ती पिलावर होती. थंड मुलुख, इथं पिल्लं उशिरा होत असतील, असं त्यानं आपल्या मनाशी धरून ठेवलं होतं. नॉर्मनला सांगितलं असतं तर नॉर्मननं तिला धरली असती. म्हणून नाही सांगितलं. आता न सांगणंही जड जात होतं.

त्या दिवशी खोपीत चहा पिताना नॉर्मननंच विषय काढला.

"एक विचारू? मले धड दिसत नाई, पन येवढं दिसते का तू येता बरोबर बोटहाउसकडं जातेस, मग तिकडं पाठ करून बसतेस. दोन सीझन झाले. काऊन रे? तिथं भूत हाय का?"

पुरुषोत्तमनं कप खाली ठेवला. "भूत नाही. मोठी आहे. वीसच्या आसपास."

नॉर्मनचा कप ओठाशीच थांबला. "मंग?"

"पिलावर आहे. पोरं वर खेळतात, ती खाली राखण करते. आमच्याकडं अशीला धरत नाहीत. माझा बाप..."

पुढं त्याला बोलता आलं नाही, कारण नॉर्मन हसत होता. आधी खांदे हलले, मग चहा सांडला, मग खोकला लागला. पुरुषोत्तमनं उठून त्याची पाठ चोळली.

"पाइक? राखन करते?" नॉर्मननं डोळे पुसले. "अबे, ते मार्च-एप्रिलात गवतात अंडी टाकते अन् मागं वळूनई पाहत नाई. सामने आलं त सोताचं पोरगं खाऊन टाकते. ते पर्च मासोळीचे पोट्टे हायेत. तिचं लेकरू नोहे ते. डबा हाय तिचा."

बाहेर वारा होता. पुरुषोत्तम खिडकीतून बोटहाउसकडं बघत राहिला. म्हणजे दोन वर्षं आपण एका खादाड बाईला लेकुरवाळी समजून मान देत होतो. त्याला लाज वाटली, मग तोही हसला. हसता हसता त्याला डोंग्यातलं बापाचं बोट दिसलं आणि पाण्यातल्या पानकांद्याचा वास आला. सात समुद्र ओलांडून आणलेला एकच नियम, तोही परक्या माश्याला लावला.

"हसलो म्हनून राग नोको धरू," नॉर्मन हळूच म्हणाला. "तुह्या बापाचं बरोबरच हाय. मासोळी चुकीची निंगाली, बस."

"चल," पुरुषोत्तम म्हणाला. "अडीच वाजले."

लीड्सच्या मार्केटमधून आणलेला अर्धा बांगडा गळाला लावून त्यानं तो ओढ्याच्या तोंडाशी, उतारावर टाकला आणि रॉड नॉर्मनच्या हातात दिला. "फ्लोटकडं बघूच नको. दोरीवर बोट ठेव. मी सांगेन."

ऊन डोंगराआड गेलं. पुंजका सैल पडला. खांबांतली सावली डावीकडं वळली, न हलल्यासारखी हलत. फ्लोट एकदा बसला, उठला आणि आडवा चालू लागला.

"घेतला," पुरुषोत्तम म्हणाला. "अजून नाही. वळू दे तिला... आता."

नॉर्मननं ओढ दिली. पंधरा-वीस मिनिटं म्हातारा डोळे मिटूनच झुंजत होता; तसे ते उघडे ठेवून काही फायदाही नव्हता. पुरुषोत्तम गुडघाभर पाण्यात उतरला आणि तिला जाळ्यात घेतली. ओल्या चटईवर ठेवली, चिमट्यानं गळ सोडवला. नॉर्मननं तिच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, दोनदा. मग दोघांनी मिळून तिला पिशवीत उचलली आणि वजनाच्या काट्याला टांगली.

"किती?"

पुरुषोत्तमनं काटा वाचला. पुन्हा वाचला. काटा त्याला एकट्यालाच दिसत होता. जिभेवर वीस आलं होतं. पण बाप असता तर त्यानं मासा हातात तोलूनच खरं-खोटं ओळखलं असतं, आणि नॉर्मनच्या हातांनीही तिला आत्ताच तोललं होतं.

"एकोणीस. वर बारा औंस."

नॉर्मननं बोटांवर हिशेब केला. "पाव पौंड कमी," तो म्हणाला. "बिस्किटाचा पुडा." मग त्यानं तिच्या पोटाखाली हात घातला. "फेब्रुवारीत गाभोळी भरली का बावीसची होते पाह्य हे. जागा तुले मालूम हाय. तू आनशील न मले?"

"आणीन. पण गाभोळीवरच्या माश्याला आमच्याकडं..."

"हात लावत नाई," नॉर्मननं वाक्य पुरं केलं. "तुमच्याकडं मंग धरता तरी केव्हा रे?"

दोघंही हसले. पुरुषोत्तमनं तिला पाण्यात धरली, तिची शेपटी जोर धरेपर्यंत. मग हात मोकळे केले. ती घाई न करता गेली, उतारावरून खाली, आपल्या जागेकडं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी तो निघाला तेव्हा प्रमोदिनी दारात उभी होती. "अहो, रॉड राहिला."

"आज नको."

"मग जाताय कशाला?"

"नॉर्मनला तिला दाखवायला."

"त्याला दिसतं का काही आता?"

"नाही."

तिनं आत जाऊन थर्मासात अजून एक कप चहा ओतून आणला.

बोटहाउसच्या काठावर दोघं कोट लपेटून बसले. पावणेतीन झाले. नॉर्मनचं तोंड पाण्याकडं होतं, डोळे कुठंतरी वर.

"हाय का?"

"आहे. डावीकडं चालली."

"कशी दिसते?"

पुरुषोत्तमनं नीट बघून घेतलं. "पोट भरून आलंय. बावीसला कमी नाही."

"तेवीस असल," नॉर्मन म्हणाला आणि चहासाठी हात पुढं केला.