येतो म्हणणारे मामा

माझ्या रूममेटच्या मामांइतका निरोपाचा कट्टर शत्रू अख्ख्या अमेरिकेत दुसरा झाला नसेल. आणि अशा माणसाने राहायला यावं कुठे? तर मिडवेस्टातल्या एका विद्यापीठाच्या गावात, जिथे दर ऑगस्टला झुंडीने पोरं येतात आणि शिकून झालं की मे महिन्यात चालती होतात. चारी बाजूंना मक्याची शेतं, मधे पाण्याची टाकी, फुटबॉलचं स्टेडियम आणि विद्यापीठ. बाकी सगळं सपाट. मामा त्या विद्यापीठात मातीवर संशोधन करायला म्हणून आले आणि मातीतच रमले. त्यांचा सख्खा भाचा एकच, पण नव्वदच्या दशकात तिथे शिकलेल्या आम्हा सगळ्या मराठी पोरांचे ते मामाच होते.

नवीन पोराला विमानतळावरून आणायचा हक्क मामांचा. त्यांची लांबलचक जुनी स्टेशन वॅगन इतकी हळू चालायची की ट्रॅक्टरवाले मागून येऊन हात करून पुढे जात. मी आलो त्या दिवशी अंगात धड त्राण नव्हतं, कधी एकदा आडवा होतो असं झालं होतं. मामांनी गाडी थेट एका शेताच्या कडेला लावली, खाली उतरले, मातीचं ढेकूळ उचलून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, "वास घे. सांग, कुठं आला तू?" मी चाचरत म्हटलं, "अमेरिकेत." मामा खूश. "चूक! यवतमाळात आला तू. हे बघ, अशीच काळी माती. आमच्या बाबाले एक एकर नव्हती अशी, अन् इथं पसरून ठेवली आहे बाप्पा नुसती." मी पुण्याचा आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. "तुमच्याकडे काय, मुरूमच," असं म्हणून त्यांनी ते ढेकूळ माझ्या कोटाच्या खिशात टाकलं. पहिला हिवाळाभर माझ्या खिशातून यवतमाळ सांडत होतं.

फोन उचलला की मामा "हॅलो" म्हणत नसत, "जय भीम" म्हणत. एका फर्निचरच्या दुकानवाल्याला ते त्यांचं नावच वाटलं आणि त्यानंतर त्या दुकानाची सगळी पत्रकं 'मिस्टर जय भीम' या नावाने घरी येऊ लागली. मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, हॉस्पिटलात नर्स होत्या आणि कागदोपत्री चूक त्यांना खपत नसे. त्या म्हणाल्या, "अहो, फोन करून करेक्ट करा ना." मामा म्हणाले, "राहू दे. एवढं मोठं नाव आपल्याले कोन देते?" चौदा एप्रिलला त्यांच्या घरी आम्ही सगळे जेवायला असायचो. मामींच्या हातचा वडाभात खाऊन जडावलेली पोरं तिथल्या गालिच्यावरच आडवी व्हायची.

पण खरी गंमत निघताना. दारात बूट घालताना कुणाच्या तोंडून "चला मामा, जातो," असं निघालं की संपलं. बूट काढा, कोट काढा, परत सोफ्यावर येऊन बसा, मग नव्याने उठा आणि नीट "येतो" म्हणा. आपल्याकडे ही रीत घरोघरी आहे, पण मामांनी तिचा पार कायदा केला होता. एकदा थट्टा म्हणून मी गाडीत बसल्यावर, काच खाली करून, "जातो हं मामा!" असं ओरडून गाडी काढली. कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलो तर काचेवर टकटक. मामा! पायात सपाता, अंगात स्वेटर, आणि घोट्यापर्यंत बर्फ. "येतो म्हन." मी म्हटलं, "मामा, सिग्नल हिरवा झालाय." "होऊ दे. येतो म्हन पहिले." मागे गाड्या खोळंबल्या होत्या. मिडवेस्टातली सज्जन माणसं, एकानेही हॉर्न वाजवला नाही. मी "येतो" म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी समाधानाने "ये" म्हटलं आणि ते घराकडे वळले.

या कायद्याचा पहिला फटका बसला होता डोरथीबाईंना. डोरथी म्हणजे मामांची शेजारीण, एकटी राहणारी गोरी म्हातारी. मामा या गावात नवे असताना तिच्याच घरी भाड्याने राहत. पहिल्या सकाळी लॅबला निघताना त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे सांगितलं, "ओके, आय अॅम कमिंग," आणि ते चालू पडले. येतो म्हणणारा माणूस गेला कसा, हे त्या बिचारीला कळेना. ती दार उघडं धरून उभी राहिली. मग त्यांच्या नाश्त्याची अंडी झाकून ठेवली. मामा संध्याकाळी परतले तेव्हा ओसरीवरचा दिवा लागलेला होता आणि डोरथी शाल घेऊन पायरीवर बसलेली होती. मामांनी आपल्या इंग्रजीत खुलासा केला, "इन माय लँग्वेज, नोबडी गोज." ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "दॅट्स अ गुड लँग्वेज." पुढे मामांनी तिच्या शेजारचंच घर घेतलं, पण दिव्याचा नेम सुटला नाही. मामा नुसते दूध आणायला निघाले तरी कुंपणावरून "आय अॅम कमिंग, डोरथीबाई!" अशी हाक घालत, आणि ती भर दुपारी दिवा लावी. ते परत आले की घालवी.

आम्ही मात्र एकेक करून निघालो. मामांच्या अंगणात उभं राहून, अगदी मनापासून "येतो" म्हणून निघालो, आणि कुणी सांता क्लाराला गेलं, कुणी आणखी कुठे. मी ट्रॉयला, म्हणजे तसा काही तासांच्या रस्त्यावर. मामांनी तळघरात दोन गाद्या अंथरून ठेवल्या होत्या, परत येणाऱ्या पोरांसाठी. मामी वैतागायच्या, "ज्यावर कोणी झोपत नाही त्या चादरी मी धुऊन राहिले. एक तरी आला का तुमचा?" मामा म्हणायचे, "येतो म्हटलं ना त्यांनी. बिझी असतील." फोनवर मात्र त्यांनी कुणालाच कधी "का आला नाहीस?" असं विचारलं नाही. फोन ठेवतानाही ते "ठेवतो" म्हणत नसत, "येतो"च म्हणत. त्याला आम्ही फार हसायचो.

मग मामांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि त्यांची मुलगी दोघांना दूर दक्षिणेत, फ्रिस्कोला आपल्याकडे घेऊन गेली. एका रविवारी मामांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "पोरगी घर विकायचं म्हन्ते. माझं मन होऊन नाही राहिलं. तू जवळ आहेस, एकदा पाहून ये. छत गळते का, तळघरात पानी शिरलं का." आणि मग जरा थांबून, "डोरथीबाई कशी आहे, तेही पाय."

पुढच्याच शनिवारी मी गेलो. छत ठीक होतं. तळघरात पाणी नव्हतं. दोन्ही गाद्या अंथरलेल्या होत्या, उशांचे अभ्रेसुद्धा धुतलेले. मी त्यातल्या एका गादीवर बसून पाहिलं.

वर आलो तर शेजारच्या ओसरीवर लख्ख उन्हात दिवा जळत होता. डोरथी आता काठी घेऊन चालत होती. मी दिव्याकडे बघतोय हे पाहून तिने इंग्रजीतच सांगितलं, "तो येतो म्हणालाय." मला वाटलं, हिला कुणीतरी समजावून सांगायला हवं. मी म्हटलं, "आमच्या भाषेत तसं म्हणायची पद्धत आहे. त्याचा अर्थ येणार असा असतोच असं नाही." तिने माझ्याकडे शाळेतल्या बाईंसारखं पाहिलं. "मला ठाऊक आहे, त्याने मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पण इतकी वर्षं तो येतो म्हणाला, आणि प्रत्येक वेळी आला."

मी तिच्याबरोबर कॉफी घेतली. निघताना गाडीचं दार उघडलं आणि "बाय" म्हणायला वळलो, तर तोंडून निघालं, "ओके, आय अॅम कमिंग." ती उठली. ओसरीवरचा दिवा तर मामांचा, तो आधीच लागलेला. ती काठी टेकत बाजूच्या दाराकडे गेली आणि तिथला दिवा तिने लावला.

ट्रॉयला पोचल्यावर मामांना फोन केला. छताचं सांगितलं, तळघराचं सांगितलं. ते नुसतं हं हं करत होते. मग दिव्यांचं सांगितलं.

"दोन?" मामांनी विचारलं.

"दोन. एक तुमचा, एक माझा."

पलीकडे ते मामींशी काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. मग मामा म्हणाले, "म्हनजे आता विकता येत नाही बे घर. पोरीले सांगतो तसं." आणि फोन ठेवताना, नेहमीसारखं, "बरं मग, येतो."

या वेळी मला हसू आलं नाही. "या मामा," मी म्हटलं.