मालकांची कनकी

"सांग त्याले," असं म्हणून मालक डाव्या हाताची दोन बोटं खांद्यावरून मागे उडवायचे. ज्याला सांगायचं तो माणूस त्यांच्या मागे दहा पावलांवर बसलेला असायचा. त्याला सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी जायची आणि सांगायची.

गोंदियाला कुडव्याच्या वाटेवर धानाची मिल होती. मी तिथे रेजा, म्हणजे मजूर बाई होते. उकडलेलं धान पटांगणात पसरायचं आणि दिवसभर त्यातून चालत पायाने फिरवायचं, हे माझं काम. मिलचे धनी दोन. एक शेठ, ते शहरातले, हिंदीत बोलायचे. दुसरे, आम्ही ज्यांना मालक म्हणायचो ते, चोरखमाऱ्याकडच्या एका खेड्यातले. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी दोघांनी मिल सुरू केली. इंजिन आणि लायसन शेठचं. जागा आणि इमारत मालकांची. त्यासाठी त्यांनी गावच्या तळ्याखालची सगळी जमीन विकली. ते तळं त्यांच्याच घराण्याने पिढ्यांपूर्वी बांधलेलं. नफ्यात आठ आणे शेठचे, आठ आणे मालकांचे, असं तोंडी ठरलं.

कागद केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तळ्याचं पाणी आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या वाटून राहिलं. त्याचा कागद आहे का कुठं?"

मी म्हटलं, तळ्याला वकील नसतो. ते हसले. माझ्या पायाजवळचा एक दाणा उचलून दाताखाली फोडला आणि म्हणाले, "अजून एक ऊन पायजे." हे त्यांचं नेहमीचं. धान कितीही वाळलं तरी त्यांना अजून एक ऊन पाहिजे असायचं.

माझा नवरा मिलमध्ये इंजिनावर होता. तो तापाने गेला तेव्हा माझ्या घरात सासू, दोन पोरी आणि एक मुलगा. त्यांच्याच पोटासाठी मी पटांगणात उतरले. माझ्यासारख्या बायका मिलमध्ये खूप होत्या, त्यात काही विशेष नाही.

आता थैल्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. मिलमध्ये रीत होती. दर पंधरवड्याला धन्यांच्या घरी एकेक थैला अख्खा तांदूळ जायचा. आम्हा कामाच्या माणसांना मजुरीवर एकेक थैला कनकी मिळायची. कनकी म्हणजे गिरणीत तुटलेला तांदूळ, त्यात खडे फार. एकदा मालक माझ्या घरावरून जाताना थांबले. माझी सासू उंबऱ्यात बसून कनकी निवडत होती. तिला दिसत नव्हतं. ती दाणे फेकत होती आणि खडे ठेवत होती. त्यांनी पाहिलं आणि गेले.

पुढच्या पंधरवड्याला माझा थैला घरी नेऊन सोडला तर आत अख्खा तांदूळ. मी परत न्यायला निघाले होते. त्यांनी पटांगणातच अडवलं.

"आमाले कनकीच गोड लागते. तू कायले वापस आणून राहिली?"

थैले ते स्वतः बांधत. माझी कनकी ते सगळ्यांसमोर, कनकी आहे असं सांगूनच, आपल्या खांद्यावर टाकून नेत, आणि त्यांचा तांदूळ मी कनकी म्हणून डोक्यावर नेई. माझा थैला बंद, आत तांदूळ आहे हे कोणाला कळतं? मी घेतला. माझ्या घरात खाणारी चार तोंडं होती. लाजून पोट भरत नाही.

भांडण झालं ते नफ्यावरून. तीन वर्षं शेठने नफा वाटलाच नाही, नवं यंत्र घेतलं आणि विचारलंही नाही. मालकांनी आपले आठ आणे मागितले. शेठ म्हणाले, कसले आठ आणे? तुम्ही मॅनेजर, तुम्हाला पगार मिळतो. मालकांनी भंडाऱ्याच्या कोर्टात दावा लावला.

तुम्हाला वाटेल, मग एक जण मिल सोडून गेला असेल. नाही. दोघं रोज वेळेवर यायचे. व्हरांड्याच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. बोलणं बंद. मधल्या पायऱ्यांसमोर माझं धान, म्हणून निरोप्या मी झाले. सांग त्याले, धान भरायले बोरे कमी पडून राहिले. उसको बोल, कल आएँगे. सांग त्याले, त्याचा खोकला ऐकवत नाही, अडुळसा घे म्हणा. हाही निरोप मी पोचवला. शेठने दुसऱ्या दिवशी अडुळसा आणवला, पण काढा पिताना पाठ फिरवून बसले.

कोर्टात शेठच्या वकिलाने नेमका थैला धरला. धनी असते तर घरी तांदूळ गेला असता. हा माणूस वर्षानुवर्षं नोकरांसारखी कनकी नेत आला. आमच्यातल्या तिघांनी शपथेवर सांगितलं, होय, आम्ही पाहिलं आहे. ते खोटं नव्हतं. मालकांच्या वकिलाचं तोंड उतरलं. त्याने मला साक्षीला घातलं, ते फक्त मालक कामाचे हुकूम देत एवढं सांगायला.

भंडाऱ्याला जायच्या गाडीत मालक माझ्यासमोर बसले होते.

"थैल्याचं बोलू नको," ते म्हणाले.

"मंग मिल जाते जी."

"जाऊ दे. तू एकटी बाई. पोरींचे लगन व्हायचे आहेत तुया. लोकं काय काय म्हणतील."

"अन् तुमच्याजवळ काय राहते?"

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाले, "कनकी."

कोर्टात मला भीती वाटली नाही. उन्हात उभं राहायची सवय होती, तिथे तर सावली होती. शेठच्या वकिलाने विचारलं, हे घरी काय न्यायचे?

"कनकी."

"म्हणजे तुझ्यासारखीच."

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी हात हलवला, राहू दे, असा. तळ्याखालची सगळी जमीन त्या हातातून गेलेली होती.

"माझ्यासारखी नाही," मी म्हटलं. "माझीच. माझी कनकी हे नेत होते अन् यांचा तांदूळ माझ्या घरी शिजत होता. सहा वर्षं."

मागे कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. जजसाहेबांनी लिहिणं थांबवून शेठला विचारलं, पंधरवड्याला अख्ख्या तांदळाचे थैले किती बांधले जात? शेठच्या वकिलाने कागदात काय लिहिलं असेल ते असो, शेठला तोंडाने खोटं बोलता आलं नाही.

"दो," ते म्हणाले.

"दुसरा कोणाचा?"

शेठ मालकांकडे पाहत राहिले. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, हा आपला थैला बाजारात विकतो आणि कंजूसपणाने कनकी खातो. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. 

बाहेर येऊन ते माझ्याजवळ आले. मालक दोन हातांच्या अंतरावर उभे. "उसको बोल," शेठ म्हणाले, "आठ आना लिख देता हूँ. अब तक का सारा नफा भी. घर चलो."

मी सांगायला वळले तर मालकांनी माझ्याकडे पाठ केली आणि शेठला म्हणाले, "सांग तिले, मी तिच्याशी बोलत नाही."

तीन वर्षांनी ते शेठशी बोललेले हे पहिले शब्द. शेठ गडबडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वो बोलता है, तुझसे बात नहीं करता."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

कागद झाला, नफा मिळाला. पण तो सगळा हिवाळा शेठ निरोप्या होते आणि मी पटांगणात. सांग तिले, धान पातळ पसर. सांग तिले, पोरीचा ताप उतरला का विचार. असे निरोप घेता-देता दोघांच्या खुर्च्या व्हरांड्यात एकमेकांजवळ आल्या. थैल्याचं बोलले म्हणून मालक रागावले होते, आणि माझं नाव खराब झालं ते आपल्यामुळे, असंही त्यांना वाटत होतं. नाव झालंच होतं खराब. पण एक दिवस माझी सासू चाचपडत मिलच्या फाटकात आली आणि बायकांना म्हणाली, "तांदूळ म्या खाल्ला. काय विचारायचं ते मले विचारा." कोणी विचारलं नाही.

त्यांचा तांदूळ मी आता घेत नव्हते. ते कनकीच नेत. त्यांचा थैला मिलच्या दारात तसाच राही, शेवटी शेठ हमालाकडून माझ्या घरी पोचवत. अबोला सुटला तो अवकाळी ढगाने. धान पसरलेलं आणि आभाळ काळं झालं, तेव्हा मालक पायऱ्यांवरून ओरडले, "धाव वो!" मी धावले. ढीग झाकल्यावर त्यांना आठवलं की आपण बोललो. मग काय, बोलायला लागले.

एक बाई मात्र माझ्याशी बोलली नाही. मालकांची बायको. बाजारात समोर आली की पदर सारखा करून निघून जायची. तिला मूल नव्हतं. मला तिचा राग कधी आला नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मालक चार दिवस आजारी पडले आणि गेले. पटांगणात धान वाळलं की वाळलं, अजून एक ऊन म्हणणारं कोणी नाही. पंधरवड्याला शेठने सवयीने तांदळाचे दोन थैले बांधले आणि दुसऱ्यावर हात ठेवून उभे राहिले. मला म्हणाले, "उसके घर ले जा."

मी डोक्यावर नेला. ती चुलीपुढे बसली होती. मी थैला उतरवला आणि सांगितलं, "तुमचा आहे. पहिल्यापासून तुमचाच होता."

तिने गाठ सोडली. मूठभर तांदूळ हातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

"मले म्हणत, कनकीच गोड लागते," ती म्हणाली. "अन् रोज अर्धा भात ताटात ठेवून उठत."

मी सुटलेली सुतळी गुंडाळून ठेवली. 

तिने ती मूठ चुलीजवळच्या पातेल्यात, गंजात टाकली. माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी मूठ टाकली. धुतला, पाणी ओतायला लागली आणि थांबली.

"दहा वर्षं कनकीच शिजवली. हात विसरला. याले पाणी किती लागते वो?"

तांदळाच्या वर बोटाची दोन पेरं, मी सांगितलं. तिने गंजात बोट बुडवून मला दाखवलं.

"थोडं अजून," मी म्हटलं.