इटलीतल्या पायऱ्या आणि आमची पाखाडी

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर इटलीतलं एक डोंगरावरचं गाव पाहिलं. मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्याने नेलं. तिन्ही बाजूंना तुटलेले कडे, वर दाटीवाटीने घरं, चढायला फक्त दगडी पायऱ्या. दगड ज्वालामुखीच्या राखेचा. खणताना मऊ, वारा लागला की घट्ट. आमचा कोकणातला जांभा दगड तरी वेगळं काय करतो? जुन्या कुणी लोकांनी कड्यात विहिरी खोदल्या, मग रोमन आले, मग चर्च झालं, मग भूकंपात अर्धं गाव कोसळलं आणि तरणी माणसं शहरात गेली. हे सगळं पायऱ्यांशेजारच्या पाटीवर होतं. गाड्या पायथ्याशी लावलेल्या आणि एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन निवांत वर चढत होती.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. रत्नागिरीहून चुलतभावाने, आमच्या दादाने, लगेच लिहिलं, "काय जपलंय गो त्यांनी! आपल्याकडे कुणाला किंमतच नाही."

परत आले तर हाच दादा ग्रामसभेत उभा. विषय आमच्या पाखाडीचा. बंदरापासून वाडीपर्यंत चढणारी ही चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट पणजोबांच्या पिढीने डोक्यावरून चिरे वाहून बांधली होती. ती फोडून सिमेंटचा रस्ता करायचा होता. मी म्हटलं, रस्ता मागच्या सपाट सड्यावरून आणा, गाडीही दारात येईल आणि पाखाडीही राहील.

"अगो, इटलीचं इटलीत!" दादा म्हणाला. सगळे हसले आणि माझ्याच माणसांनी पटापट हात वर केले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन दिवसांत जेसीबीने पाखाडी संपवली. आता त्या सिमेंटच्या रस्त्याचा चढ इतका उभा आहे की पावसात गाड्या घसरतात, म्हणून सगळे त्या खालीच लावतात. कुणाला लाज म्हणून नाही.

परवा दादाचा फोन आला. बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, अंगणात पाखाडीचेच चिरे बसवलेत, आणि आता तिकडच्यासारखी पाटी हवी आहे. "तू शिक्षिका होतीस, दोन ओळी इतिहासाच्या लिहून दे."

दिल्या लिहून. हे चिरे वाडीच्या पाखाडीचे, पणजोबांनी डोक्यावरून आणले. ती पाखाडी आम्ही पणतवंडांनी हात वर करून फोडली.

त्याचा लगेच फोन. "शेवटचं वाक्य काढ गो. पाहुणे काय म्हणतील?"

"कसं काढू?" मी म्हटलं. "आपण स्वतः केलेला इतिहास तेवढाच आहे."