खऱ्या पत्रावरचा शिक्का

ती घटना आजही आठवली की मला माझाच राग येतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. शाहूपुरीतला एक शिक्के बनवणारा माझ्या पोलीस ठाण्यात आला.

"साहेब, एका एजंटानं परदेशी कंपनीचा शिक्का करून न्हेलाय. मला काय ते बरं वाटंना."

हा एजंट व्हिसाची कामं करायचा. त्याच्या टेबलाच्या खणात शिक्का सापडला, आणि एका मुलीची फाईलही. पंचनामा उद्या करू म्हणून दोन्ही उचलून आणलं. मुलगी कबनूरची, वडिलांचे यंत्रमाग. ती घरी बसून त्या परदेशी कंपनीचं संगणकाचं काम करायची. असं दुरून काम करणाऱ्यांना काही देश राहण्याचा परवाना देतात. तिने तो मागितला होता आणि तो नाकारला गेला होता. कारण दिलं होतं, बनावट कागदपत्र.

एजंटाला समोर बसवलं. असली माणसं आधी ओळखी सांगतात, मग पाणी मागतात, मग खरं बोलतात. त्याने पाणी मागितल्यावर मी फाईलमधलं, मुलगी कामाला असल्याचं कंपनीचं पत्र पुढे सरकवलं.

"हे कुणी बनवलं?"

"पत्र खरं हाय की साहेब! त्यावर नुसती सही हुती. बिनशिक्क्याचा कागद कोण मानतंय? म्हणून म्या शिक्का मारला."

दूतावासाने कंपनीला विचारलं होतं. असा शिक्का आमच्याकडे नाहीच, असं कंपनीने कळवलं. झालं! खरं पत्र खोटं ठरलं आणि बट्टा लागला मुलीच्या नावाला.

गुन्हा दखलपात्र होता. सरकारतर्फे मीच फिर्यादी होऊ शकलो असतो. पण एजंट निघाला तिच्या आत्याचा जावई. तासाभरात सगळं गणगोत ठाण्यात जमलं. आत्या ऊर बडवून रडत होती. वडील मुलीकडे न बघता म्हणाले, "जावयाला आत घालून बहिणीच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आणि माझ्या नावाचं काय?" मुलीने एकदाच विचारलं.

"बाळ, घरचं घरात राहू दे. पुन्हा अर्ज कर," मी म्हणालो. भांडणं मिटवायची आम्हाला सवयच. चहा मागवला, सर्वांदेखत शिक्का कापून टाकला आणि 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असा जबाब लिहून तिची सही घेतली. मोठं शहाणपण केलं, असं तेव्हा वाटलं.

चार महिन्यांनी ती एकटीच आली. शिक्का दुसऱ्याने मारला असा पोलिसांचा कागद असेल तरच पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे, असं वकिलाने तिला सांगितलं होतं. एजंट तोवर फिरला होता. पोरीनंच शिक्क्यासकट पत्र दिलं, म्हणत होता. शिक्के बनवणाऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "तुम्हीच मिटवलंसा, आता मी कशाला वाईट हू?" दप्तरी एकच कागद होता, माझ्या अक्षरातला, तिच्या सहीचा तो 'तक्रार नाही'चा जबाब.

तिने तो वाचला. "म्हंजे खोटं मीच केलं असं झालं की, साहेब."

उशिरा का होईना, गुन्हा नोंदवला. पुराव्याअभावी तो टिकला नाही. ती कबनूरलाच आहे.

मिटवणं म्हणजे दोन्ही घरं राखणं, असं मी नोकरीभर समजत होतो. त्या दिवशी ठाण्यात सगळे रडत होते, फक्त ती रडली नाही. म्हणून मी बाकीच्यांची समजूत घातली आणि सोसायचं तिच्यावर सोडलं.